कोईचं नवं तळं: पहिल्या दोन महिन्यांत या चुका टाळा

नवं तळं भरलं की पाणी इतकं नितळ दिसतं की तळाचा खडा न् खडा मोजता येतो. त्याच नितळपणाला भुलून मी माझ्या पहिल्या तळ्यात तिसऱ्याच दिवशी आठ कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) सोडले. महिनाभराने तीन उरले. रोग कुठलाच नव्हता. फिल्टर तयार व्हायच्या आत मी मासे आणले, एवढंच कारण होतं.

फिल्टर सुरू झाला म्हणजे तयार झाला असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोई कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये हे जिवाणू नसतातच. त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात, थंड पाण्यात आणखी जास्त. पंप कितीही दमदार असला तरी हा काळ टळत नाही. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी तळ्यातल्या फिल्टरचा वापरता स्पंज मिळाला, तर मात्र हा काळ नक्की कमी होतो.

म्हणून सुरुवात दोनच छोट्या माशांनी करा, खाद्य अगदी चिमूटभर द्या आणि अमोनिया-नायट्राइटची चाचणी पहिले काही आठवडे रोज करा. चाचणीसाठी थेंब टाकून रंग पाहायचं किट घ्या, पट्ट्यांवर फार भरवसा ठेवू नका. अमोनिया आधी चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं. अमोनिया शून्यावर आला की पुष्कळ जण चाचणी थांबवतात आणि नेमके तिथे फसतात. नायट्राइटमुळे माशाचं रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी १,००० लिटरला १ किलो साधं, आयोडीन नसलेलं मीठ बादलीत विरघळवून थोडं थोडं घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आणि फिल्टर नळाच्या पाण्याखाली धुऊ नका. महिनाभर जमवलेली वस्ती क्लोरीनने पाच मिनिटांत जाते. तळ्यातलंच पाणी बादलीत काढून स्पंज त्यात पिळायचा. रात्री पंप बंद ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, फिल्टरला चोवीस तास वाहतं पाणी लागतं.

नळाचा पाइप सोडून आत जाणं

पातळी थोडी उतरली म्हणून पाइप लावला, फोन आला आणि दोन तास विसर पडला. तळ्यातले सगळे मासे मरण्याची ही फार जुनी कहाणी आहे. क्लोरीनने कल्ले भाजून निघतात. भर घालायची तर आधी डीक्लोरिनेटर (क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन) टाका आणि मोबाइलवर गजर लावा. पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं, पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरलं जाणारं क्लोरामाइन तसं उडत नाही. तुमच्या नळाला यातलं काय येतं ते पाणीपुरवठ्याकडून विचारून घ्या.

तळं सिमेंटचं असेल तर चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ९ च्या वर जातो. पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. आतून सीलर (चुना पाण्यात उतरू न देणारा लेप) लावल्याशिवाय आणि पीएच उतरून स्थिर झाल्याशिवाय मासे आणू नका.

दुपारी पाहून निश्चिंत होणं

एकदा पहाटे पाचला तळ्याकाठी बसून बघा. १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यात शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पाणी सगळ्यात रितं असतं. सगळे कोई धबधब्याच्या तोंडाशी गोळा झालेले, तोंडं पाण्याबाहेर काढून मचमच आवाज करताहेत, कल्ले भराभर उघडमीट होताहेत असं दिसलं, तर त्याच दिवशी एअर पंप बसवा. दुपारी हेच मासे ठणठणीत दिसतील.

जाळीचं काम पुढे ढकलणं

नव्या जागेत कोई बावरतो आणि उड्या मारतो. माझा एक मासा सकाळी काठापासून चार हात लांब, मातीने माखलेला सापडला. पहिले तीन-चार आठवडे तळ्यावर ताणून जाळी हवीच. बगळ्याचं म्हणाल तर तो उथळ पाण्यात उभा राहून शिकार करतो. उतरते काठ त्याच्या सोयीचे, उभ्या भिंती आणि सव्वा मीटर खोली माशाच्या सोयीची.

पिशवीतून थेट तळ्यात

बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पिशवीतल्या पाण्याचा पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया जहाल होतो. मासा तेवढा उचलून घ्या, पिशवीतलं पाणी फेकून द्या. पुढे कधी नवा कोई आणलात, तर त्याला निदान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. कोई हर्पिस व्हायरस या कोईंच्या जीवघेण्या विषाणूवर औषध नाही. १६ ते २८ अंशांच्या पाण्यात तो डोकं वर काढतो, आणि वरून धडधाकट दिसणारा मासाही तो घेऊन येऊ शकतो.

काहीतरी बिघडलंय, आता काय?

मासा पर मिटून तळाशी बसलाय, अंग घासतोय, खात नाही. लगेच औषधाची बाटली उघडू नका. आधी अमोनिया, नायट्राइट, पीएच तपासा. खाद्य बंद, हवा वाढवा, क्लोरीन काढून टाकलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं पाणी घेऊन पाव तळं बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा पाव बदला. आकडे ठीक असूनही मासा अंग घासत राहिला, तर मग परजीवींचा संशय घ्या आणि कल्ल्यांचा व कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकेल असा माशांचा डॉक्टर गाठा.