कॉम्प्लेक्स आयन आणि द्राव्यता: प्रॅक्टिकलला या चुका टाळा

पहिली चूक, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावर: अभिकर्मक (चाचणीसाठी टाकायचं रसायन) भसाभसा ओतणे. ड्रॉपर समोर असतो, तरी मुलं बाटलीच तिरकी करतात.

पुण्यातल्या एका कॉलेजात बारावीची सराव परीक्षा होती. एका मुलाला झिंक सल्फेट दिलं होतं. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं 'झटपट' गाइड पाठ करून आलेला, त्यामुळे आयन कोणत्या ग्रुपचा ते क्रमाने तपासायची गरजच वाटली नाही. थेट अर्धी नळी भरून सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं. द्रावण स्वच्छ. वहीत लिहिलं, 'साका नाही' (म्हणजे न विरघळणारा गाळ आला नाही), आणि अमोनियम आहे असं धरून अमोनियाचा वास घेत बसला. वास कुठून येणार? मी नवीन नळी घेतली, एक थेंब टाकला, हलवली. पांढरा, जेलीसारखा साका. आणखी थेंब टाकत गेलो, तो विरघळला. हायड्रॉक्साइड जास्त झालं की झिंक हायड्रॉक्साइडचा विरघळणारा झिंकेट आयन होतो. हा कॉम्प्लेक्स आयन, म्हणजे धातूच्या आयनाला दुसरे आयन किंवा रेणू जोडून झालेला आयन. या मुलाने साका दिसायच्या आतच तो विरघळवून टाकला होता! माझी सवय साधी आहे: थेंब, हलवा, बघा, मग पुढचा थेंब. कॉपरमध्येही तेच. अमोनिया घाईने ओतला तर फिकट निळा साका दिसतच नाही, थेट गडद निळं द्रावण हाती येतं.

दुसरी चूक कागदावरची. 'अमोनियामुळे सिल्व्हर क्लोराइडचा केएसपी वाढतो' असं लिहू नका. केएसपी म्हणजे द्राव्यता गुणाकार, ठरावीक तापमानाला स्थिर; २५ अंशांना तो १.८ × १०⁻¹⁰ च राहतो. अमोनिया मोकळे सिल्व्हर आयन डायॲमिन कॉम्प्लेक्समध्ये (एका सिल्व्हरला दोन अमोनिया) अडकवतो, म्हणून ती तूट भरायला आणखी क्षार विरघळतो. पाण्यात द्राव्यता १.३ × १०⁻⁵ मोलर (मोल प्रति लिटर), १ मोलर अमोनियात सुमारे ०.०५. गणितात अमोनियाची संहती १ च धरलीत तर ०.०५५ येतं, कारण प्रत्येक सिल्व्हरमागे दोन अमोनिया खर्च होतात हे विसरलात. १ उणे २क्ष (क्ष म्हणजे द्राव्यता) लिहायला किती वेळ लागतो?

'कॉमन आयन (क्षारात आधीच असलेला आयन) टाकला की द्राव्यता घटतेच' हे अर्धसत्य. लेड क्लोराइडवर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून बघा, जादा क्लोराइडशी कॉम्प्लेक्स होऊन विरघळतं.

सिल्व्हर आयोडाइड अमोनियात विरघळवायचा हट्ट धरू नका. ब्रोमाइडला तीव्र अमोनिया लागतो, आयोडाइड त्यालाही दाद देत नाही.

आणि सिल्व्हरचं अमोनियातलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका. ठेवल्यावर त्यात स्फोटक काळा पदार्थ तयार होऊ शकतो. त्याच तासाला विरल नायट्रिक ॲसिड टाका. क्लोराइडचा पांढरा साका परत येतो, तुमची खात्रीची चाचणीही होते, आणि मग नळी सिल्व्हरच्या वेगळ्या बाटलीत रिकामी करा, बेसिनमध्ये नाही.