बीए फ्रेंच करताय अन् फ्रान्सला जायचंय? मग आधी जन्माचा दाखला काढून बघा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीपासून यष्टीने पाऊण तास. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बारावीनंतर मी पुण्याला गेले, बीए फ्रेंच केलं, मग मास्टरचं एक वर्ष फ्रान्सला क्लेरमों-फेरां नावाच्या शहरात शिकून आले. आता वर्धा, वाशिम, अमरावतीकडच्या पोरापोरींचे फोन येतात की ताई कुठून सुरू करू, अन् जवळपास सगळ्यांना वाटते की आधी फ्रेंच फाडफाड बोलता आलं पाहिजे, बाकीचं नंतर पाहू. मले तसं नाही वाटत. भाषा दोन-तीन वर्षात येऊन जाते, पण कागद अन् पैसा जमवायला आपल्याकडे त्याहून जास्त दम लागते, म्हणून बीएच्या दुसऱ्या वर्षालाच दोन्ही सोबत सुरू करा.

माझंच सांगते. पासपोर्ट काढताना मी टीसी, दहावीची सनद, आधार असं सगळं लावलं अन् तो मिळूनही गेला, मले वाटलं झालं काम. नंतर सिनियर ताईने विचारलं की जन्माचा दाखला आहे का, तिकडे आरोग्य विम्यात नाव टाकायला तोच मागतात. काढला तर त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा! आमच्याकडे बाळंतपणाच्या वेळी नोंद होते, बारसं नंतर होते, अन् नाव लिहायला परत कोणी जात नाही. त्यात बाबांच्या नावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक, टीसीवर दुसरं. हे दुरुस्त करायला मले सात महिने लागले, शपथपत्र, शाळेचा उतारा, दर वेळी "पुढच्या सोमवारी या". बाबा शेतात मजूर लावून, यष्टीचं भाडं भरून सोबत यायचे. नंतर त्या दाखल्यावर अपोस्टिल करावं लागते, आधी राज्याकडून कागद तपासून घेऊन मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अन् त्याचं अधिकृत भाषांतरकाराकडून फ्रेंच भाषांतर. म्हणून म्हणते, याच महिन्यात दाखला हातात घेऊन पासपोर्टसमोर ठेवा अन् एक-एक अक्षर जुळवून बघा.

आता जायचे रस्ते. एक म्हणजे तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठासोबत करार असेल तर एक सेमिस्टर जाऊन येणं, यात बहुतेक वेळा फी इथलीच भरावी लागते, म्हणून डिपार्टमेंटमधे पहिल्या वर्षालाच विचारून ठेवा, नोटीस लागायची वाट पाहू नका. दुसरा, बीएनंतर तिकडे मास्टर करणं, आपल्या लोकांसाठी एफएलई म्हणजे परदेशी लोकांना फ्रेंच शिकवायचं शास्त्र हा चांगला विषय आहे. तिसरा रस्ता फार कमी लोकांना माहीत असते, तिकडच्या शाळेत इंग्रजीचे भाषा सहाय्यक म्हणून जाणं, ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला 12 तास, महिन्याला हातात साधारण 800 युरो येतात. त्यात डिग्री मिळत नाही, पण ज्याच्या घरून पैसा येणं शक्यच नाही त्याने याचा आधी विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्टरसाठी फ्रेंचची साधारण बी2 पातळी लागते, साहित्यासाठी काही ठिकाणी त्याच्या वरची सी1 पण मागतात. ती दाखवायला डेल्फ अन् टीसीएफ अशा फ्रेंचच्या परीक्षा असतात. डेल्फ बी2 चे चार भाग, प्रत्येकी 25 मार्क, पास व्हायला 100 पैकी 50 अन् कोणत्याही भागात 5 पेक्षा कमी चालत नाही. डेल्फचं सर्टिफिकेट जन्मभर चालते, टीसीएफचं दोनच वर्षं, त्यामुळे आधीपासून तयारी करणाऱ्याने डेल्फच द्यावी. आपल्या पोरांचा घोळ होते तो ऐकण्यात. पुण्याच्या पोरांचे क्लास शाळेपासूनचे असतात, आपण ती भाषा पहिल्यांदा ऐकतो अठराव्या वर्षी. मी आरएफआय या फ्रान्सच्या रेडिओवरच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या रोज ऐकायची. सुट्टीत गावी रेंज नसायची म्हणून हॉस्टेलच्या वायफायवर महिन्याभराचे भाग उतरवून न्यायची अन् कापूस वेचताना कानात लावायची, एकच भाग पाच-पाच वेळा.

अन् एक गोष्ट, फ्रेंच शिकताना इंग्रजीला मधे आणू नका, सरळ मराठीतून या. आपले त अन् द दाताला जीभ लावून येतात, फ्रेंचमधे तसेच आहेत. वस्तूंना लिंग असते हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही, उलट त्यांच्याकडे दोनच, आपल्याकडे तीन. तू अन् तुम्हीचा फरक तर घरातलाच, मायला तू म्हणतो अन् बाबाले तुम्ही, फक्त तिकडे वर्गातल्या पोरांना पहिल्या मिनिटापासून तू अन् प्राध्यापकांना तुम्ही. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने मराठी कशी घडली यावर अख्खा ग्रंथ लिहिला, पॅरिसला 1920 मधे छापला गेला. हे मले कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं, की आपल्या भाषेचा त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी अभ्यास करावा वाटला. प्रवेशाच्या पत्रात मी आधी सगळे लिहितात तसं "फ्रेंच संस्कृतीची लहानपणापासून आवड" वगैरे लिहिलं होतं, आमच्या मॅडमनी ते अख्खं खोडलं अन् म्हणाल्या, "खरं काय ते लिही." मग मी ब्लॉकचं लिहिलं, लिंगांचं लिहिलं, अन् आमच्या तालुक्यात फ्रेंच शिकवणारं कोणीच नाही, मले परत येऊन शिकवायचं आहे हे लिहिलं. कॅम्पस फ्रान्स म्हणजे तिकडे शिकायला जाणाऱ्यांचे अर्ज पाहणारी फ्रेंच सरकारची संस्था, तिच्या मुलाखतीत सगळे प्रश्न त्याच पत्रावरून आले अन् बोलताना अडखळले नाही, कारण सगळं माझंच होतं. मुलाखत ऑनलाइन होती, गावी नेटवर्कचा अन् लाइटचा भरवसा नाही म्हणून आदल्या दिवशीच यवतमाळला मावशीकडे जाऊन राहिले.

पैशाचं जरा नीट समजून घ्या, कारण इथेच आपले लोक मागे फिरतात. तिकडे वर्ष सप्टेंबरमधे सुरू होते अन् अर्ज एत्युद आँ फ्राँस या पोर्टलवरून आधीच्या ऑक्टोबरपासून भरायचे, शेवटची तारीख अभ्यासक्रमागणिक वेगळी. उत्तर येते उन्हाळ्यात अन् व्हिसाचं काम पडते जून-जुलैत. व्हिसाला महिन्याला 615 युरो दाखवावे लागतात. युरो 90 रुपयांचा धरला तरी महिन्याला 55 हजारांच्या वर, वर्षाचे साधारण 6 लाख 64 हजार. अन् जून म्हणजे आपल्याकडे मृग, बी-बियाणं, खत, फवारणी, घरात रुपया नसतो. ज्या वेळी फ्रान्सला आपल्या खात्यात पैसा पाहायचा असते नेमक्या त्याच वेळी शेतकऱ्याचं खातं कोरडं असते. आमच्याकडे बाबांनी डिसेंबर-जानेवारीचा कापूस विकला ते पैसे सावकाराचं देणं थांबवून माझ्या नावाने ठेवले, व्यापाऱ्याकडून रोखीने न घेता खात्यात घेतले अन् पावत्या जपून ठेवल्या, कारण खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर ती कुठून आली हे दाखवता आलं पाहिजे. बाकीचं कर्ज. एका बँकेने शेती तारण घेत नाही म्हणून परत पाठवलं, तिथे मी रडले होते, मग दुसरीकडे कळलं की साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. हे आधी माहीत असतं तर बाबांना सातबारा घेऊन फिरावं लागलं नसतं.

फीबद्दल, सरकारी विद्यापीठांत युरोपाबाहेरच्या पोरांना 2019 पासून वेगळी फी आहे, तेव्हा लिसाँस म्हणजे पदवीला 2,770 अन् मास्टरला 3,770 युरो ठरली, नंतर थोडी-थोडी वाढत गेली, तिथल्या पोरांना मास्टरचे अडीचशेच्या आसपास. पण बरीच विद्यापीठं यात सूट देतात, म्हणून निवड करताना शहराच्या नावाआधी सूट आहे का ते पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला जागतिक रँकिंगची अट असते, त्याप्रमाणे विद्यापीठ निवडा. शार्पाक अन् एफेल या फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्त्यापण बघा. विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करता येते, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत काम मिळेलच असं धरू नका, अन् घरभाड्याची सरकारी मदत हिशोबात घेऊच नका, नियम बदलतात.

पॅरिसचा हट्ट सोडा. मी क्लेरमोंला राहिले, खोली स्वस्त, क्रूस म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या खानावळीत तेव्हा 3.30 युरोत पोटभर जेवण मिळायचं. तिथलं मोठं चर्च अख्खं काळ्या दगडाचं आहे, जुन्या ज्वालामुखीचा दगड, अन् शहराच्या मागे 1,465 मीटरचा प्वी द दोम डोंगर, तोही ज्वालामुखीच. आपली काळी माती अशाच थंड झालेल्या लाव्ह्यापासूनची. मी तो दगड व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला तर म्हणाले, "हे तं आपल्या विहिरीतलंच हाय."

घरच्यांना तयार करायला वेळ द्या. आजी सारखी म्हणायची, "काहून जातं वं पोरी, तिथं कोन हाय आपलं?" मी तिला तिथल्या खोलीचा फोटो, पोहोचलेल्या ताईचा आवाज, सगळं ऐकवलं, चार महिन्यांनी तिनेच तिखटाची पुडी बांधून दिली.

पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन पक्का करायचा असते, हे पहिल्याच आठवड्यात करून टाका. आरोग्य विम्याची नोंदणी फुकट असते, तिथेच तो दाखला लागते. अन् घरी फोन करायची वेळ ठरवून घ्या, हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो अन् उन्हाळ्यात साडेतीन, तुमचा क्लास संध्याकाळी सहाला सुटते तेव्हा गावात माय दार लावून झोपलेली असते, म्हणून मी दुपारच्या सुट्टीत, तिच्या चहाच्या वेळी फोन करायची.