अमेरिकेत घरी उमेदवारासाठी निधीसंकलन करताना

अमेरिकेतील संघीय निवडणुकीच्या उमेदवारासाठी स्वतःच्या घरी निधीसंकलनाचा कार्यक्रम ठेवल्यास निमंत्रणपत्रिका, खाद्यपदार्थ आणि पेये यांवर यजमानाने केलेला खर्च, एका उमेदवारामागे एका निवडणुकीसाठी 1000 डॉलरपर्यंत, देणगी म्हणून मोजला जात नाही. पक्षांतर्गत प्राथमिक फेरी आणि मुख्य निवडणूक या येथे स्वतंत्र धरल्या जातात, आणि पती-पत्नी दोघेही यजमान असल्यास प्रत्येकाला ही मर्यादा वेगळी मिळते. त्यापुढील रक्कम मात्र देणगीच ठरते, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. वस्तीतील सामुदायिक सभागृहालाही ही सवलत लागू आहे. परंतु करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाने स्वतः असा कार्यक्रम आयोजित करू नये, कारण अशा संस्थांना उमेदवाराच्या प्रचारात भाग घेण्यास मनाई आहे.

आपल्या मंडळींच्या बाबतीत सर्वाधिक काळजी पाहुण्यांच्या यादीची घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. ग्रीनकार्डधारक देणगी देऊ शकतात, पण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना ती देता येत नाही, आणि त्यांचे पैसे दुसऱ्याच्या नावाने भरणे हाही गुन्हाच आहे. रोख देणगी 100 डॉलरपेक्षा अधिक स्वीकारू नये.