शिकताना माउस आपल्या हातात ठेवा

सहकारी एखादं काम भराभर करून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच्याच टेबलापाशी जाऊन उभे राहतो. एक्सेलमधलं व्हीलूकअप, म्हणजे एका तक्त्यातून हवी ती माहिती शोधून आणणारं सूत्र, मी असंच तीनदा विचारलं होतं. मग पद्धत बदलली.

१. "तुम्ही सांगा, मी करतो," असं म्हणा. कीबोर्ड सोडू नका.

२. जिथे अडलात तेवढंच वहीत टिपा. व्हीलूकअपबद्दल माझ्या वहीत एकच ओळ आहे: 'शेवटी ० टाकायचा, नाहीतर अंदाजे जुळणारी किंमतही येते.'

३. त्याच दिवशी, कुणाला न विचारता, एखाद्या जुन्या फाइलवर तेच पुन्हा करा. खरं शिकणं इथेच होतं, त्यामुळे कंटाळा आला तरी ही पायरी गाळू नका.

सराव मात्र फाइलच्या कॉपीवरच करा. मूळ फाइल उघडूसुद्धा नका.