रॅडिकल जिओग्राफीच्या जर्नलला पेपर पाठवायचाय? मग आधी शीर्षक खोडा

आम्हा भूगोलवाल्यांची एक गंमत आहे. फील्डवर्क दणकून करतो, उन्हातान्हात महिनोन्महिने गावात काढतो, ढीगभर सातबारे गोळा करतो आणि पेपर लिहायला बसलो की वर टाकतो 'अमुक तालुक्यातील भूमी उपयोजनातील बदल: एक अभ्यास'. माझा पहिला पेपर अस्साच होता, रायगडमधल्या पेणकडच्या खारजमिनींवर (खाडीला बांध घालून केलेल्या शेतजमिनींवर), आणि आठ दिवसांत परत आला, रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेलाच नाही, संपादकांनीच वरच्यावर नाही म्हटलं. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. तेव्हा वाटलं इंग्रजी कच्चं म्हणून परत आला असणार. तसं नव्हतं, पेपरात भांडणच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे, की ही रॅडिकल जिओग्राफीची, म्हणजे जागेमागची सत्ता आणि अन्याय तपासणाऱ्या भूगोलाची, जर्नल्स कशासाठी निघाली ते समजून घ्या. त्यातलं 'अँटिपोड' हे जर्नल १९६९ साली अमेरिकेत, वूस्टरच्या क्लार्क युनिव्हर्सिटीत सुरू झालं. बाहेर व्हिएतनाम युद्धावरून रस्ते पेटलेले, शहरांत गरिबी आणि वंशभेद, आणि भूगोल खातं मात्र मॉडेलं नि आकडेमोडीत रमलेलं, त्याला वैतागून विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी ते काढलं. त्यामुळे तिथे 'काय बदललं' एवढं सांगून भागत नाही, कुणी बदललं, कुणाचं गेलं, कुणाच्या पदरात पडलं, हे विचारतात.

आता एक व्यायाम करा. आपला मुद्दा एका वाक्यात लिहा. माझं आधीचं वाक्य होतं, 'पेण तालुक्यात खारभूमीखालचं क्षेत्र घटलं आहे.' बरं मग? नंतरचं वाक्य असं झालं: 'बांधाची डागडुजी कुणी करायची हे वर्षानुवर्षं अधांतरी राहिलं, खांड (बांधाला पडलेलं भगदाड) बुजली नाही, उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) भरतीचं पाणी शेतात यायला लागलं, आणि जमीन एकदा नापीक ठरली की ती विकत मागणं सोपं जातं.' सर्व्हे तोच, सातबारे तेच, पण आता कुणीतरी हरकत घेईल असं काहीतरी कागदावर आलं. त्याच भागातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) सप्टेंबर २००८ मध्ये जनमत दिलं होतं, ते माझ्या पहिल्या मसुद्यात तळटीपेत होतं! तळटीपेत!! ते उचलून दुसऱ्या परिच्छेदात आणलं.

मग थिअरी. इथे आपण फार घोळ घालतो. पेपराला हार्वेचा हार घातला, मधे दोनदा निओलिबरल (सगळं बाजारावर सोडणारं) म्हटलं की झाला रॅडिकल, असं नसतं हो. भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वे यांनी २००३ मध्ये मांडलेलं ॲक्युम्युलेशन बाय डिस्पझेशन, म्हणजे लोकांकडून काढून घेऊन भांडवल वाढवणं, हे सगळेच लावतात. तुम्ही उलट विचारा, की माझ्या गावात हे बसतं का? माझ्याकडे जमीन कुणी थेट हिसकावली नव्हती, आधी खाऱ्या पाण्याने नासली आणि मग स्वस्त झाली. मग त्या मांडणीत समुद्र कुठे बसतो? हा जो अडलेला सांधा आहे ना, पेपर तिथे आहे, बाकीची दहा पानं त्याच्यासाठीच लिहायची.

जर्नल कुठलं? तीन तरी बघा. 'अँटिपोड' वाईलीकडून निघतं, स्पर्धा जबरदस्त. ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणं, हवंच असं धरून न बसता नेहमीच्या वर्गणीच्या मार्गाने गेलात तर छापायचे पैसे लागत नाहीत. 'ॲक्मी' २००२ पासून आहे, पूर्ण ओपन ॲक्सेस आणि लेखकाकडून फी घेत नाही, म्हणजे गावातला पोरगाही मोबाईलवर वाचू शकतो, मला हे फार आवडतं. तिसरं 'ह्यूमन जिओग्राफी', हे सेजकडून येतं. 'आदरणीय प्रोफेसर, तीन दिवसांत छापू, फक्त दोन हजार भरा' अशी मेलं येतात ती सरळ डिलीट मारा, यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर लिस्ट २०२५ मध्ये बंद केल्यापासून अशांचं जरा जास्तच फावलंय. वाचायला ॲक्सेस नाही हे कारणही आता तितकंसं चालत नाही, सरकारी कॉलेज-विद्यापीठात असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल्स वाचायला देणाऱ्या सरकारी योजनेत वाईली आणि सेज दोन्ही आहेत, लायब्ररीत जाऊन विचारा. निवडलेल्या जर्नलचे निदान मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा, आपल्या विषयावर तिथे आधी काय वाद झालाय ते कळतं आणि त्याच वादात आपण घुसायचं असतं. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हे सांगायला नको, पण सांगते.

फाईल तयार करणं हे कंटाळवाणं पण चुकलं की डोक्याला ताप. शब्दमर्यादा वेबसाईटवर बघून घ्या आणि संदर्भ त्यात धरतात का तेही बघा. रिव्ह्यू निनावी असतो, म्हणून आपलं नाव, गाइडचे आभार, 'माझ्या आधीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे' हे सगळं काढा, आणि वर्डच्या फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं तेही पुसा.

पण लपवायचं खरं नाव तुमचं नाहीच. ज्यांच्याशी गावात बोलले त्या बायकांची नावं मी बदलली होती, व्यवस्थित, आणि नकाशात मात्र गट नंबर तसेच ठेवले होते. गट नंबर टाकला की ऑनलाईन सातबाऱ्यावर मालकाचं नाव दोन मिनिटांत निघतं. पाठवायच्या आदल्या रात्री लक्षात आलं, घाम फुटला अक्षरशः.

सबमिशनचं पोर्टल तासभर खातं. ऑर्किड नंबर (संशोधकाचा ओळख क्रमांक, ORCID) आधीच काढून ठेवा, फुकट आहे. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे, पेपरचा मुद्दा काय आणि याच जर्नलला का, एवढंच. 'अँटिपोड'मध्ये इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला सारांशही छापतात, तेव्हा मराठीत लिहून ठेवा. मी लिहायला बसले तर इंग्रजीत भारदस्त वाटणारी दोन वाक्यं मराठीत पोकळ निघाली, ती मग मूळ पेपरातूनच उडवली.

त्यानंतर वाट बघायची, महिनोन्महिने. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा, असं आलं तर रडू नका, ती चांगली बातमी आहे, दार उघडं आहे असा अर्थ. प्रत्येक शेऱ्याखाली तुमचं उत्तर आणि बदल कुठल्या पानावर केला ते लिहा. सगळं ऐकायलाच पाहिजे असं नाही, पटलं नाही तर कारण द्या, नम्रपणे. मला एका रिव्ह्यूअरने विचारलं होतं, 'उघाडी' हा शब्द काढून नुसतं स्लूस गेट का लिहीत नाही? मी शब्द ठेवला आणि खाली तीन ओळीत सांगितलं, की ओहोटीला उघडते आणि भरतीच्या जोराने आपोआप मिटते ती फळी, आणि तिची राखण कुणी करायची हे गाव ठरवायचं. पुढच्या फेरीत त्याच माणसाचा शेरा आला, की हे तीन ओळीत का, यावर एक अख्खा भाग लिहा.