आपत्कालीन विभागात नर्स प्रॅक्टिशनरचे पद कसे उभे करावे

आपत्कालीन विभागात नर्स प्रॅक्टिशनर (वाढीव शिक्षण घेतलेली परिचारिका) नेमायचे ठरले की पहिल्या बैठका बहुधा पदनाम, वेतनश्रेणी आणि गणवेश यांवरच खर्ची पडतात. त्याआधी एक प्रश्न निकाली काढावा: या पदावरील व्यक्तीने कोणता रुग्ण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर हाताळायचा? ट्रायाज करणारी नर्स कोणाला आधी तपासायचे ते ठरवते. नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाची हकीकत घेते, तपासणी करते, एक्स-रे सांगते आणि तो स्वतः वाचते, निदान करते, उपचार करते आणि रुग्णाला घरी पाठवते किंवा तज्ज्ञाकडे सोपवते. निर्णयाची ही जबाबदारी लेखी दिलेली नसेल, तर पदनाम काहीही ठेवले तरी काम अनुभवी मदतनिसाचेच राहते.

दुसऱ्या देशातील कामाचा मसुदा जसाच्या तसा उचलू नये, कारण एकाच नावाखाली दोन वेगळी पदे वाढलेली आहेत. नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले शिक्षण १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केले, आणि ते बालकांच्या आरोग्यसेवेसाठी होते. आपत्कालीन विभागाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ब्रिटनमध्ये १९८६ साली रोमफर्ड येथील ओल्डचर्च रुग्णालयात आपत्कालीन नर्स प्रॅक्टिशनरची अधिकृत योजना सुरू झाली, आणि तेथे हे पद प्रामुख्याने मुरगळणे, कापणे, हाड मोडणे अशा किरकोळ दुखापतींभोवती वाढले. अमेरिकेत मात्र कौटुंबिक आरोग्यसेवेच्या नर्स प्रॅक्टिशनरचा पाया घेऊन त्यावर आपत्कालीन सेवेचे विशेष शिक्षण चढवण्यात आले, त्यामुळे तेथील व्यक्ती सर्व वयांचे आणि गंभीर आजाराचे रुग्णही पाहते. आपल्या विभागाला यांपैकी काय हवे आहे हे ठरल्याशिवाय शिक्षण, पर्यवेक्षण किंवा वेतन यांविषयी बोलण्यात अर्थ नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या विभागाने किरकोळ दुखापतींपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यकक्षा ठरवण्यासाठी मागील काही महिन्यांची रुग्णनोंदवही काढावी आणि तक्रारीनुसार गट पाडावेत. ज्या गटात रुग्ण पुष्कळ आहेत, निर्णयाची वाट स्पष्ट आहे आणि चूक झाल्यास ती वेळेत सुधारता येते, तो गट आधी घ्यावा: घोटा व गुडघा यांच्या दुखापती, बोटे व मनगट, साध्या जखमा, लहान भाजणे. छातीत दुखणे, पोटदुखी, तान्ही बाळे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला लागलेला मार, या गोष्टी सुरुवातीला बाहेर ठेवाव्यात. काय पाहायचे नाही याची यादी काय पाहायचे याच्या यादीपेक्षा अधिक काटेकोर असावी, कारण वाद आणि अपघात तिच्या सीमेवरच घडतात.

प्रत्येक तक्रारीसाठी कार्यपद्धती लिहिताना सिद्ध झालेल्या नियमांचा आधार घ्यावा. कॅनडात १९९२ मध्ये मांडलेला ओटावा घोटा नियम हा त्याचा चांगला नमुना आहे. घोट्याच्या भागात वेदना असून आतील किंवा बाहेरील हाडाच्या टोकाला अथवा मागच्या कडेच्या खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि विभागातही रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. अन्यथा त्याची गरज नसते. हा नियम एक्स-रे हवा की नको एवढेच सांगतो, उपचार सांगत नाही. मद्याच्या अमलाखालील किंवा पायाची संवेदना कमी असलेल्या रुग्णात त्यावर विसंबू नये, आणि ही मर्यादाही कार्यपद्धतीतच लिहावी. डॉक्टरांना केव्हा बोलवायचे याची अट प्रत्येक पानावर असावी.

यानंतर अधिकारांचा प्रश्न येतो, आणि बहुतेक योजना येथेच अडतात. वेदनाशामक देण्यासाठी, एक्स-रेच्या विनंतीसाठी किंवा डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांची सही लागत असेल, तर रुग्ण पुन्हा त्याच रांगेत जाऊन बसतो. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ठरावीक रुग्णगटांना ठरावीक औषधे देण्याचे लेखी निर्देश कायदेशीर झाले आणि २००६ मध्ये पात्र परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देण्याची मुभा मिळाली. मात्र नर्स प्रॅक्टिशनर हे पदनाम तेथे कायद्याने राखीव नव्हते, आणि त्यामुळे फार वेगवेगळे शिक्षण घेतलेल्या व्यक्ती एकाच नावाने काम करू लागल्या. ऑस्ट्रेलियाने पदनामाला कायद्याचे संरक्षण दिले आणि २००० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या नर्स प्रॅक्टिशनरना अधिकृत मान्यता मिळाली. ही वाट संथ असली तरी मला ती अधिक सुरक्षित वाटते.

शिक्षणाबाबत अमेरिकेतील अट पाहण्यासारखी आहे. २०१७ पासून तेथे आपत्कालीन नर्स प्रॅक्टिशनरची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिला बसण्याच्या एका मार्गानुसार, आधीचे कौटुंबिक नर्स प्रॅक्टिशनरचे प्रमाणपत्र, मागील ५ वर्षांत आपत्कालीन सेवेचे २००० तास आणि १०० तासांचे शिक्षण लागते, ज्यातील ३० तास प्रत्यक्ष कौशल्यांसाठी असतात. विभागातील प्रशिक्षणही याच अंगाने आखावे. सुरुवातीला प्रत्येक रुग्ण तपासून वरिष्ठ डॉक्टरांसमोर मांडावा. नंतर निर्णय स्वतः घेऊन त्याच दिवशी केसपेपर आणि एक्स-रे यांचा फेरआढावा व्हावा. स्वतंत्र काम त्यानंतर, आणि तेही एकेका तक्रारीसाठी वेगळी मान्यता देऊन. हाताच्या दुखापतींना सर्वाधिक वेळ द्यावा. बोटाच्या लहानशा जखमेखाली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापली गेलेली असू शकते, आणि मनगटातील स्कॅफॉइड हाड मोडले असतानाही पहिला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर हाड मोडले असे धरूनच हात बांधावा आणि फेरतपासणीची तारीख द्यावी.

कामाचे मोजमाप पहिल्या दिवसापासून ठेवावे. ब्रिटनमधील शेफिल्डमध्ये किरकोळ दुखापतींच्या १४५३ रुग्णांवर झालेली आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी या व्यवसायासाठी फार मोलाची ठरली. अनुभवी डॉक्टरांच्या तपासणीशी ताडून पाहता, महत्त्वाच्या चुका नर्स प्रॅक्टिशनरच्या ९.२ टक्के आणि कनिष्ठ डॉक्टरांच्या १०.७ टक्के रुग्णांत आढळल्या. हे आकडे बहुधा परिचारिकांची बाजू मांडण्यासाठी वापरले जातात, पण दोन्ही गटांत सुमारे दहापैकी एका रुग्णाबाबत चूक झाली, ही बाब व्यवस्थापकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी. म्हणून एक्स-रेचा क्ष-किरणतज्ज्ञांकडून फेरआढावा आणि निदान सुटलेल्या रुग्णाला परत बोलावण्याची सोय सर्वांसाठीच असावी. केवळ प्रतीक्षेचा वेळ मोजला तर घाई वाढते; अनपेक्षितपणे परत आलेले रुग्ण आणि सुटलेली हाडमोड यांची नोंद सोबत हवीच.

ड्युटीचा तक्ताही वेगळा ठेवावा. परिचारिका कमी पडल्या की याच व्यक्तीला वॉर्डमध्ये किंवा ट्रायाजवर ओढले जाते, आणि काही महिन्यांत पद केवळ कागदावर उरते. कनिष्ठ डॉक्टरांनाही किरकोळ दुखापती शिकायच्या असतात, तेव्हा ते रुग्ण दोघांत वाटून घेण्याची रीत आधीच ठरवावी. वर्षातून एकदा वगळलेल्या तक्रारींची यादी पुढ्यात घ्यावी आणि जिच्यासाठी नोंदी, प्रशिक्षण व पर्यवेक्षण तयार आहे अशी एकच तक्रार कार्यकक्षेत आणावी.