मिस्सेत वाचन करणाऱ्यांसाठी

मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, बायबल वाचणाऱ्या वाचकांच्या यादीत नाव लागलं की बहुतेकजण आधी विचारतात, "कपडे कोणते घालू?" आणि मग, "किती ओळी आहेत?" कपड्यांचं पुढे सांगते, पण त्याआधी एक काम सांगते. त्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, उघडून वाचा. ते तुमच्या वाट्याला येणार नाही, ते डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचे दीक्षित सेवक) किंवा धर्मगुरूच वाचतात. तरी सुरुवात तिथूनच करायची, कारण सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेर, रविवारचं पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलीत की आपल्याला नेमकं काय पोचवायचं आहे ते कळतं. दुसरं वाचन बहुधा प्रेषितांच्या पत्रांतलं. ते आपल्या क्रमानं आठवड्यामागून आठवडे पुढे सरकतं, म्हणून त्यासाठी मागच्या रविवारचा तुकडा वाचायचा.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, वाडीत केळी आणि सोनचाफा लावणारी बाई. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बरीच वर्षं वाचकांच्या पाळ्या लावते, नव्यांना शिकवते. इथे लिहिलेलं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. 'अ' वर्षी शुभवर्तमान मुख्यतः मत्तयचं, 'ब' वर्षी मार्कचं, 'क' वर्षी लूकचं. योहान मुख्यतः ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात येतो, शिवाय 'ब' वर्षी मार्कच्या मध्येही. कोणतं वर्ष चालू आहे ते ओळखायला सोपं आहे: सनाला ३ नं पूर्ण भाग गेला की ते 'क'. २०२५ 'क' होतं, २०२६ 'अ', २०२७ 'ब', २०२८ पुन्हा 'क'. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीला नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं. त्यामुळे डिसेंबरातल्या वाचनांसाठी पुढच्या सनाचा हिशेब धरा.

माझ्या आईच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. बाया रोझरी म्हणत बसत, वेदीवर काय वाचलं जातंय ते कळत नसे. डिसेंबर १९६३मध्ये जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेला दार उघडलं आणि १९६९मध्ये मिस्सेतल्या वाचनांचा नव्या रचनेचा वाचनग्रंथ आला. म्हणजे आपल्या भाषेत देवाचं वचन वेदीजवळून ऐकू येणं ही एका पिढीपूर्वीची गोष्ट आहे. बायका वाचायला उभ्या राहत होत्याच, पण वाचक म्हणून रीतसर नेमणूक मात्र फक्त पुरुषांची होई. ती अट पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१मध्ये काढली. हे सांगते ते अशासाठी, की वाचनपीठाकडे जाताना आपल्या हातात काय दिलं गेलंय याची जाण असू द्या.

आता तयारी. यादी हाती आल्यावर सोमवारीच उतारा स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवा. फोनवरचा फोटो पुरत नाही. लिहिताना कुठे श्वास घ्यायचा ते हाताला कळतं. पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची वाक्यं लांब असतात आणि मध्येच दम तुटला की अर्थ उलटतो. वहीत जिथे थांबायचं तिथे उभी रेघ मारा. चर्चमधल्या वाचनग्रंथावर पेन्सिलसुद्धा टेकवू नका, तो सगळ्यांचा आहे. मग रोज एकदा मोठ्यानं वाचा, मनात नाही. मी पहाटे फुलं खुडताना म्हणते. विरार लोकलनं चर्चगेटला जाणारी आमची मुलं गाडीत ओठ हलवत म्हणतात, तेही चालतं. शुक्रवारपर्यंत उतारा जवळजवळ पाठ व्हायला हवा. पाठ म्हणून दाखवण्यासाठी नाही, नजर कागदाला चिकटून राहू नये म्हणून.

नावांसाठी वेगळा वेळ काढा. पेंटेकॉस्टच्या सणाला प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या अशी रांग येते आणि भलेभले तिथे अडखळतात. एकेक नाव तोडून दहादा म्हणा, मग जोडा. अडलंच तर ओशाळून हसू नका आणि माफीही मागू नका. जसा उच्चार येईल तसा ठामपणे करून पुढे जा.

बोलीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. वसईतल्या कुपारी समाजाच्या घरात 'सांग'चं 'हांग' होतं, कोळीवाड्यात 'डोळा'चा 'डोला' होतो. वाचन प्रमाण मराठीत असतं, तेव्हा ण आणि ळ यांचा सराव करायलाच हवा, आणि तो प्रत्येकाला जमतो. पण पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एखादी मुलगी वाचून खाली उतरते आणि मागच्या बाकांवर तिच्या ळ वरून कुजबुज होते, हे मला सहन होत नाही. ती मुलगी रात्री आईबरोबर मासळी निवडून सकाळी उतारा घोकून आलेली असते. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय: सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, असं मंडळीत करू नका. ते 'ब' वर्षी २३व्या सामान्य रविवारी वाचलं जातं. उच्चार सुधारायचा असेल तर शनिवारी, तिच्या घरी, तिच्या आईसमोर, मायेनं सुधारा. चर्चच्या पायरीवर चारचौघांत कधीही नाही.

प्रत्यक्ष दिवशी पंधरा मिनिटं आधी या. वाचनग्रंथ उघडून पान बघा, पानखुणेची फीत योग्य जागी आहे का तपासा. सकाळच्या मिस्सेतल्या कुणी ती हलवलेली असू शकते. माइक आपल्या उंचीला आहे का पाहा आणि 'हॅलो हॅलो' न करता बोटानं हळूच टिचकी मारून घ्या. कपडे साधे, स्वच्छ, ज्यांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असे. जाताना वेदीसमोर थांबून नमन करायचं, घाईनं डोकं हलवायचं नाही. तांबड्या शाईतलं वाचायचं नसतं. 'पहिलं वाचन' हे शब्दही नाहीत. ग्रंथाचं नाव सांगायचं, एक श्वास थांबायचं, सुरू करायचं. तुम्हाला वाटतं त्याहून जरा सावकाश वाचा. शेवटच्या वाक्यानंतर मनात 'हे प्रभू येशू' म्हणण्याइतकं थांबा आणि मगच समारोपाचं वाक्य म्हणा, नाहीतर उतारा आणि समारोप एकात एक मिसळतात.

अभिनय करू नका. मोशे बोलतो तिथे जाड आवाज, विधवा बोलते तिथे रडका, असं काही नको. भावना शब्दांतच आहे. शब्द नीट उच्चारले की ती पोचते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर ओरडण्यापेक्षा शब्दांची शेवटची अक्षरं ठसठशीत उच्चारा, आपल्याकडे वाक्याचा शेवटच गिळला जातो. वीज गेली तर माइकमागून बाजूला या, मधल्या बाकांकडे तोंड करा आणि वाचत राहा.

इथवरचं चार रविवारांत अंगवळणी पडतं. खरी कसोटी पुढे आहे. यादीत नसताना काय करायचं?

नाताळच्या रात्री किंवा चर्चच्या सणाला आपलं नाव असावं असं प्रत्येकाला वाटतं. घरचे आलेले असतात, पाहुणे असतात. आणि नेमकं त्याच वर्षी ते वाचन नुकताच दृढीकरणाचा संस्कार झालेल्या पोराकडे जातं. तेव्हा 'क' वर्षाचा २२वा सामान्य रविवार काढून वाचा. पहिल्या वाचनात, सिराखच्या ग्रंथात, सांगितलंय: जितका मोठा होशील तितका नम्र हो. शुभवर्तमानात, लूकच्या १४व्या अध्यायात, येशू मेजवानीला मानाच्या जागा हेरणाऱ्यांना पाहतो आणि शेवटच्या जागी बसायला सांगतो. ही दोन वाचनं मी प्रत्येक नव्या वाचकाला पहिल्या महिन्यातच पाठ करायला लावते, मग वर्ष कोणतंही असो. त्यानंतर करायची कामं अशी: त्या मुलाला शनिवारी भेटून त्याचं वाचन ऐका, सणाच्या दिवशी त्याच्या नजरेला पडेल अशा बाकावर बसा, आणि त्यानं वाचताना वहीत डोकं घालू नका, ऐका. वाचक जेव्हा वाचत नसतो तेव्हा तो ऐकणारा असतो. ज्याला ऐकता येत नाही त्याचं वाचनही पुढे कोरडं होतं, हे मी पाहिलेलं आहे.

कौतुक झालं तर 'देवाची कृपा' म्हणून विषय बदला. चूक दाखवली तर 'बरं झालं सांगितलंत' म्हणा आणि वहीत टिपून ठेवा, सांगणाऱ्याचा सूर कसाही असला तरी. मन दुखावलं असेल तर मत्तयच्या १८व्या अध्यायातली पायरी धरा: आधी त्या माणसाकडे एकटं जायचं. वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातला एक शब्दही लिहू नका. ग्रुपवर टाकलेली नाराजी रात्रीत तीन आळ्यांत पोचते आणि मग समेट करायला गेलेल्यालाही काय खरं ते कळत नाही. भेटायला जाताना काही हातात घेऊन जा. आमच्याकडे केळ्याची फणी पुरते.

वाचक गळतात ते बहुधा पावसाळ्यात. आठवड्यातली सकाळची मिस्सा, बाहेर धो धो, बावखलं (वाडीतली छोटी तळी) भरून वाटेवर पाणी, आणि आत मोजकी म्हातारी माणसं. त्या दिवसांची पाळी कुणालाच नको असते. माझी सूचना आहे की नव्या माणसानं आधी हीच पाळी मागून घ्यावी. गर्दी नसल्यामुळे धीर येतो, आणि जी माणसं अशा पावसात येतात ती वचनासाठीच आलेली असतात. त्यांच्यातल्या काहींना आता छापील अक्षर दिसत नाही. दिवसभरात देवाचं वचन त्यांच्या कानी पडेल ते फक्त तुमच्या तोंडून. हे एकदा मनात बसलं की गजर लावावा लागत नाही.

तरी थकवा येतोच. त्यासाठी 'क' वर्षाचा २९वा सामान्य रविवार आहे. शुभवर्तमान लूकच्या १८व्या अध्यायातलं, अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचं. पहिलं वाचन जुन्या करारातल्या निर्गम ग्रंथाच्या १७व्या अध्यायातलं. इस्राएलच्या बाजूनं यहोशवा शत्रू अमालेकांशी लढतोय, डोंगरावर मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की अमालेकांची. मोशे थकतो. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला दगड देतात आणि दोन्हीकडून हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. हात वर ठेवण्याचं काम मोशेला दिलं होतं, पण ते तिघांनी मिळून पार पाडलं. म्हणून पाळीत एकटं नाव कधी लावू नका, प्रत्येकाला जोडीदार द्या. घरात आजारपण असेल, भातलावणी चालू असेल, तर आदल्या रात्रीपर्यंत जोडीदाराला फोन करायचा आणि पाळी द्यायची, त्यात कमीपणा नाही. कारण न सांगता गैरहजर राहणं मात्र चालणार नाही. सलग कुणी दिसलं नाही तर जोडीदारानं त्याच्या घरी जाऊन यावं. "का आला नाहीस?" असं विचारू नये. "कसा आहेस?" एवढं विचारावं.

नव्यांना उभं करायला चांगला दिवस म्हणजे सामान्य काळाचा तिसरा रविवार, जानेवारीच्या उत्तरार्धातला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये तो देववचनाचा रविवार ठरवला.

आणि पाळ्या लावणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठं काम पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीचं. जागरणाच्या मिस्सेत जुन्या करारातली सात वाचनं आहेत: उत्पत्तीतली दोन, निर्गमचं एक, यशयाची दोन, बारूखचं एक, यहेज्केलचं एक. त्यानंतर पौलाचं पत्र आणि शुभवर्तमान. एवढे वाचक गोळा करायला उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात बसा. उत्पत्तीचं पहिलं वाचन लांब आहे, ते दमदार आवाजाच्या माणसाला द्या. बाकीची आळ्या-आळ्यांत वाटा. वर्षभर ज्यांना सणाला संधी मिळाली नाही त्यांची नावं आधी घ्या. गरज पडली तर धर्मगुरू काही वाचनं गाळू शकतात, पण निर्गमचा १४वा अध्याय, समुद्र ओलांडण्याचा, कधीही गाळता येत नाही. म्हणून त्याला दोन माणसं तयार ठेवा, एक वाचणारा आणि एक राखीव. राखीव माणसानंही पूर्ण आठवडा मोठ्यानं सराव करायचा, आपल्याला वाचायला मिळणार नाही हे धरूनच.